काहिलीभोवतीची सोळा पावले

वारणेच्या काठी उंबरओहोळ नावाचे एक लहानसे गाव होते. एका माघात त्या गावी सद्गुरू सहजनाथ महाराजांचे आगमन झाले आणि गावाने पाच दिवस दिवाळी अनुभवली. महाराज उतरले ते ना कोणाच्या चौसोपी घरात, ना देवळाच्या ओवरीत. नदीच्या वाटेवर एक जुना कडुनिंब होता. त्याच्या पारावर घोंगडी टाकली, चिमटा रोवला, झाला मुक्काम! त्यांचा शिरस्ताच तसा होता. कुठेही पाच दिवसांवर राहायचे नाही आणि पाचव्या दिवशी सूर्य टेकला की उठायचे. उठले म्हणजे उठले. मागून राजा धावत येवो की रंक, महाराज कोणासाठी थांबत नसत. कोणी फार गळ घातली तर हसून म्हणत, "अरे, सूर्य थांबतो का रे कोणासाठी?"

त्या पाच दिवसांत गावातले सारे पारावर येऊन गेले. लेकुरवाळ्या आल्या, म्हातारे काठी टेकत आले, ज्यांचे एकमेकांशी हाडवैर होते तेही एकाच वाटेने आले. आला नाही तो एकच जीव, येसबा गुळव्या.

आता गुळव्या म्हणजे कोण, हे ज्यांच्या गावी ऊस नाही त्यांना सांगायला हवे. गुऱ्हाळात बैलाच्या चरकातून उसाचा रस निघतो. चुलवाणावर ठेवलेल्या भल्यामोठ्या लोखंडी काहिलीत एका खेपेचा, म्हणजे एका आधणाचा, रस तीन-साडेतीन तास उकळतो. त्याची मळी काढायची, आच कमी-जास्त करायला सांगायची आणि पाक नेमका कधी उतरायचा हे ठरवायचे, ते गुळव्याने. चार क्षण लवकर उतरला तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर गूळ करपतो. पण खरी कसोटी त्याच्यापुढे असते. काहिलीला चार कड्या असतात. त्यांतून दोन लांब दांडे घालायचे, एकेका दांड्याला चार-चार गडी लागायचे आणि ती रटरटणारी काहील उचलून दहा पावलांवरच्या, गूळ निववायच्या वाफ्यात रिकामी करायची. त्या दहा पावलांत गुळव्या गड्यांकडे तोंड करून उलटा चालतो आणि पाऊल-पाऊल पुकारतो. काहील उचलल्यापासून ओतेपर्यंत गुऱ्हाळात दुसऱ्या कोणी तोंड उघडायचे नाही, मग तो मालक का असेना. हा गुऱ्हाळाचा कायदा होता.

येसबा पुकारताना गड्यांच्या तोंडाकडे बघत नसे. तो बघे त्यांच्या पायांकडे. आठ गडी, सोळा पावले. सोळाही बरोबर पडताहेत ना, एखादे अडखळत तर नाही ना, एवढेच त्या वेळी त्याचे जग असे. उचलताना मात्र तो एकदा सद्गुरूंचे नाव घेई, "सहजनाथाच्या नावानं चांगभलं!" आणि गंमत अशी की, ज्यांचे नाव तो दिवसातून तीनदा घेत होता, त्या महाराजांना त्याने जन्मात पाहिलेले नव्हते.

तसा योग एकदा आला होता. बारा वर्षांमागे महाराज या गावावरून पुढे गेले होते. येसबा तेव्हा नवा गुळव्या. काहील हवेत होती आणि वाटेवर टाळ वाजले. "महाराज! महाराज!" असा गलका झाला. येसबाने मान वळवली. क्षणभरच हो! पण तेवढ्यात पुकार थांबला, पुढच्यांनी पाऊल टाकले, मागच्यांनी टाकले नाही. काहील हिंदकळली आणि उकळता पाक त्याच्याच मेव्हण्याच्या, सुबानाच्या उजव्या पायावर सांडला. येसबाला दिसली ती वाटेवरची धूळ आणि लोकांच्या पाठी. सुबानाला पाठीवर घेऊन तो वैद्याकडे पळाला. पाय वाचला, पण सुबाना कायमचा लंगडा झाला. त्याने येसबाला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही, उलट बरा होताच पुन्हा मागच्या दांड्याला येऊन उभा राहिला. पण येसबा जेवताना कधीकधी त्या पायाकडे बघायचा आणि त्याचा घास हातातच राहायचा. त्या दिवसानंतर काहील हवेत असताना त्याने मान वळवली नाही.

आपण मान वळवली म्हणून हे घडले, हे बायकोखेरीज तो कोणाशी बोलला नव्हता. बायको गौराबाई पहिल्याच दिवशी पारावर जाऊन आली होती.

"अवो, काय सांगू तुमास्नी," ती रात्री भाकरी वाढताना म्हणाली, "म्हाराजांच्या डाव्या अंगठ्याला ठेच लागलेली. रगत येत हुतं. कुनाचं ध्यानच न्हाई, सगळी आपली पाया पडत्यात! मी माज्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली आन् बांदली. म्हनले कसं, 'माय, घट्ट बांध गं, लांब चालायचंय मला.'"

येसबाने हातातली भाकरी ताटात ठेवली. "नशिबाची हाईस बग तू," एवढेच तो म्हणाला.

"मग तुमी या की उद्या."

"ऊस तोडून पडलाय, गौरे. चरक सकाळपासनं फिरतोय. रस आंबला तर तोंड कुनाला दावू? आन् मी गेलो तर काहील कोन उतरील? आठ जनांच्या अंगावरची कातडी माज्या जिभेवर हाय बग."

आता भुजंगराव सरनोबतांची ओळख करून घेऊ. गुऱ्हाळ त्यांचे, ऊस निम्मा त्यांचा आणि गावातली भजनी मंडळीही त्यांचीच. मनाने वाईट नव्हते हो ते. पण आपण पुढे आणि गाव मागे असे चित्र दिसले की त्यांना भरून येई. महाराज आल्यापासून स्वागताची सगळी सूत्रे त्यांनी हाती घेतली होती. जरीकाठी उपरणे, करकर वाजणाऱ्या नव्या वहाणा, कपाळभर गंध, बघत राहावे! भजनात मात्र एक भानगड व्हायची. बाकीच्यांचा टाळ चुकला तरी यांच्या ध्यानात येत नसे, कारण यांचे डोळे कोण-कोण ऐकायला आले आहे ते मोजण्यात गुंतलेले असत.

तिसऱ्या दिवशी भरल्या पारावर त्यांनी विषय काढला. "महाराज, सारा गाव चरणाशी आला. एकच करंटा राहिला. आमचा गुळव्या! त्याचा देव काहिलीत बसतो. उद्या साक्षात पांडुरंग जरी दारात आला, तरी हा म्हणेल, जरा थांबा, मळी काढायची राहिलीय."

लोक खो-खो हसले. बायकांत बसलेल्या गौराबाईने पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली.

महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारले, "हाताखाली माणसं किती त्याच्या?"

"आठ, महाराज."

"आठही धड आहेत?"

भुजंगराव गोंधळले. "आहेत की. एक तेवढा लंगडतो, जुनं दुखणं."

"हं," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. 

गौराबाईने घरी येऊन हे सारे सांगितले तेव्हा येसबाला हसणाऱ्यांचे काही वाटले नाही. त्याला लागले ते निराळेच. महाराजांनी आठांची चौकशी केली, लंगड्याचे कळताच डोळे मिटले. म्हणजे बारा वर्षांमागचे सारे त्यांना ठाऊक आहे! मग ते मला कशाला जवळ करतील? त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तरी मनात एक होतेच. पाचव्या दिवशी महाराज निघताना प्रत्येकाच्या मस्तकावर हात ठेवतात म्हणे. तेवढा तरी मिळावा. पुढे बारा वर्षांनी महाराज येतील न येतील, आपण असू नसू.

पाचव्या दिवशी भल्या सकाळी तो भुजंगरावांपुढे हात जोडून उभा राहिला. "सरकार, आज सांजच्याला म्हाराज निगनार. आजची दोन आधनं लवकर उतरून काम बंद ठिवूया. गड्यास्नीबी दर्शन घडंल."

"मला शिकवू नकोस," भुजंगराव म्हणाले. "अरे, आज तर तिसरं आधण हवंच. महाराज जाताना आमच्या शेतातली ऊन-ऊन ढेप बरोबर नेणार आहेत. सगळ्या गावासमोर मी ती अर्पण करायची, असं ठरलंय."

"मग बैल तरी दुपारच्या आत जुंपू द्या."

"बैल मिरवणुकीसाठी सजवतोय. त्यांची शिंगं रंगली की देतो पाठवून."

शिंगे रंगायला भर दुपार उजाडली! चरक उशिरा फिरला, रस उशिरा निघाला आणि काहील चुलवाणावर चढली तेव्हाच येसबाने सूर्याकडे बघून हिशोब केला. पाक यायला आणि दिवस मावळायला एकच गाठ पडणार होती.  पण रस एकदा चढल्यावर तो सोडून जायला येसबा काही भुजंगराव नव्हता. भेंडीचे पाणी देऊन वर आलेली मळी काढली, आच सांभाळली. पिवळाधमक पाक फुलून वर येऊ लागला. येसबाने गार पाण्यात हात बुडवून चिमूटभर पाक उचलला आणि पाण्यात सोडून बोटांनी वळला. गोळी जमत आली होती.

आणि त्याच वेळी पारावरून टाळांचा आवाज आला. महाराज उठले होते.

नदीची वाट गुऱ्हाळाच्या अगदी पुढून जात होती. दांड्याला लागलेल्या गड्यांची तोंडे वाटेकडे, येसबाची पाठ वाटेकडे. आठही जणांचे डोळे वर उठले. सुबाना हळूच म्हणाला, "दाजी, म्हाराज निगाले. जरा दम धरूया का?"

येसबाने पुन्हा गोळी पाहिली. पाक झाला होता. दम धरला तर सारी काहील करपणार. महाराजांच्या शिदोरीला काळा कडू गूळ द्यायचा? त्याचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "न्हाई सुबाना. पाक आलाय. गड्यांनो, ध्यान माज्याकडं ठिवा. कुनी वाटंकडं बगायचं न्हाई. मीबी बगनार न्हाई. उचला! सहजनाथाच्या नावानं चांगभलं!"

काहील उचलली गेली. "पाऊल... पाऊल..." येसबा उलटा चालू लागला. डोळे खाली, सोळा पावलांवर. टाळ जवळ आले. पाठीमागे अबीर उधळल्याचा वास आला. बायकांच्या आवाजात त्याला गौराबाईचा आवाज ओळखू आला, ती "अवो, आलं, आलं!" म्हणत होती. त्याच्या मानेची शीर न शीर वाटेकडे ओढत होती. त्याने मान वळवली नाही.

तेवढ्यात करकर वाजणाऱ्या वहाणा गुऱ्हाळात शिरल्या. भुजंगरावांनी आपली सगळी माणसे महाराजांपुढे ओळीने उभी करायचे योजले होते आणि ओळ अपुरी पडत होती!

"अरे, ठेवा ती काहील खाली! महाराज दारात आले, कळतंय का? येसबा, मागं तरी बघ, नतद्रष्टा!"

"सरकार, बाजूला," येसबा डोळे न उचलता म्हणाला. "पाऊल... पाऊल..."

मालकाला बाजूला हो म्हणतो! भुजंगरावांचा पारा चढला. त्यांनी तरातरा पुढे होऊन मागच्या दांड्याच्या सुबानाचे कोपर धरले. "सोड रे, तू तरी चल!" आणि हिसका दिला.

त्या हिसक्याने दांडा वाकडा झाला आणि मागची डावी कडी काडकन तुटली. तो कोपरा खाली गेला. पाकाची लाट त्या बाजूच्या कडेवर चढली. खाली सुबाना होता, तोच लंगडा पाय पुढे टाकलेला. आणि त्याच्याशेजारी चिपाडांच्या ढिगात घसरून उताणे पडलेले भुजंगराव, पाय वर.

येसबाला धावून तो कोपरा धरता आला असता. पण पुकार थांबला तर उरलेले सात हात सोडतील हे तो बारा वर्षांपूर्वी शिकला होता. त्याने आभाळाएवढ्या आवाजात पुकारले, "दांडा सोडू नका! उभे ऱ्हावा! नाथा, माझी मानसं सांभाळ रं!"

आणि काय आश्चर्य! खाली जाणारी काहील थांबली. मग हळूच, झोळीतल्या लेकराला सारखे करावे तशी, पातळीला आली. पाकाची लाट माघारी फिरली. गड्यांना खांद्यावरचे ओझे निम्मे झाल्यासारखे वाटले.

येसबाचे डोळे पावलांवर होते. त्याने सवयीने मोजली. दोन, चार, सहा, आठ... सोळा. आणि सुबानाच्या पावलांमागे आणखी दोन. अठरा! अनवाणी, धुळीने भरलेली, टाचांना भेगा पडलेली. त्यांतल्या डाव्या पावलाच्या अंगठ्याला एक हिरवी चिंधी बांधलेली होती.

येसबाने ती चिंधी ओळखली.  वर पाहावे असे फार वाटले त्याला! पण काहील अजून हवेत होती. "पाऊल..." तो पुकारत राहिला, आणि आता गालावरून पाणी वाहत होते. "पाऊल... पाऊल... थांबा. ओता!"

सोनेरी पाक वाफ्यात उतरला. रिकामी काहील जमिनीवर टेकली. येसबाने पुन्हा मोजले. सोळा पावले होती.

बाहेर वाटेवर निराळाच प्रकार घडला होता. चालता चालता महाराज मध्येच थांबले, डोळे मिटले, थोडे वाकले आणि जड काहीतरी उचलावे तसा उजवा हात पुढे धरला. टाळ बंद पडले. "महाराज, काय होतंय?" लोक घाबरून विचारू लागले. थोड्या वेळाने महाराजांनी डोळे उघडले आणि तळहात पुढे केला. तळव्यावर कडीच्या बाकाचा लाल वळ उठला होता आणि त्यावर गुळाचा पाक चिकटला होता. पायाच्या हिरव्या चिंधीवरही पाकाचे दोन थेंब गोठले होते. गौराबाईने ते पाहिले आणि तिने वाटेवरच हात जोडले.

महाराज वाट सोडून गुऱ्हाळात आले. येसबा हात जोडून मान खाली घालून उभा राहिला. इतक्या वर्षांची आस समोर उभी होती आणि त्याचे पाय पुढे होईनात. महाराजांनीच विचारले, "वाफ्यातला गूळ घोटून झाला का रे?"

"न्हाई म्हाराज. आता घोटायचा हाय."

"मग घोट आधी. वाफ्यातच घट्ट बसला तर ढेप कशी भरशील?" असे म्हणून महाराज उसाच्या मोळीवर चक्क बसले. सूर्य मावळत होता. कोणासाठी न थांबणारे महाराज येसबाचा गूळ घोटून होईपर्यंत थांबले! सारा गाव बघत होता.

एवढ्यात भुजंगराव चिपाडांतून उठले. उपरण्याला चिपाडे चिकटलेली, गंध फिसकटलेले, एक वहाण कुठे गेली त्याचा पत्ता नाही. त्यांनी येऊन महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. "महाराज, मी आंधळा झालो होतो. आज दोन जीव माझ्या हातून गेले असते."

महाराजांनी पाय मागे घेतले. आवाज मात्र मायेचा होता. "भुजंगा, गाव तुझ्या मागे चालतं ना? मग मागे वळून त्यांचे पाय कधी पाहिलेस का? सारखं पाहत होतास ते आपल्याला कोण बघतंय तेच. इकडे हा बघ. मी दारातून गेलो तरी याने आपल्या माणसांवरची नजर काढली नाही. याने माझ्याकडे पाहिलं असतं, तर तुझ्याकडे कोणी पाहिलं असतं रे? जा. त्या आठांचे पाय शिव. सोळा आहेत, एकही चुकवू नकोस."

आणि भुजंगराव सरनोबत, ज्यांच्यापुढे गाव वाकायचे, ते गुऱ्हाळाच्या राखेत गुडघे टेकून एकेका गड्याच्या पायाला हात लावत गेले. सुबानाच्या त्या जुन्या डागाच्या पायाशी आल्यावर त्यांना रडू आवरेना. सुबाना बिचारा लाजेने अर्धा झाला. "सरकार, ऱ्हाऊ द्या वो. पाय चिकाट हाईत माजे."

गूळ घोटून झाला, ढेप भरली गेली. येसबाने हात धुतले आणि महाराजांपुढे दंडवत घातला. कपाळ पावलांवर टेकले आणि हिरव्या चिंधीवर त्याचे अश्रू पडू लागले. "म्हाराज," तो म्हणाला, "बारा वरसांमागं माज्या हातनं चूक झाली. मला माफी हाय का?"

"ती चूक तू बारा वर्षं रोज तीनदा फेडलीस, येसबा. आता पुरे." महाराजांनी पोळलेला हात त्याच्या मस्तकावर ठेवला. तो बराच वेळ वर मान करीना. तेव्हा महाराजांनी त्याची हनुवटी धरून वर केली आणि हसून म्हणाले, "अरे, पाय तर मघाशीच पोटभर पाहिलेस. आता तोंड बघ की!"

येसबाने पाहिले, आणि महाराज दिसेनासे होईपर्यंत तो पाहतच राहिला.

पुढच्या हंगामापासून काहील उचलायची वेळ झाली की भुजंगराव वहाणा दाराबाहेर काढून आत येत, भिंतीला टेकून उभे राहत आणि काहील ओतेपर्यंत अवाक्षर काढत नसत. ओतून झाली की येसबाला हात जोडत. कोणी विचारलेच, एवढे कसले लक्ष लावून बघता मालक, तर म्हणत, "पावलं मोजतोय." श्रीसहजनाथ महाराजांची ती अनवाणी पावले आपल्याही हाताखालच्या माणसांमागे उभी राहोत, आणि त्या वेळी आपली नजर खाली असो!